आवाज बंद

सातव्यापासून सुरू करतो, कारण सातव्यावर भांडण नाही:
‘गोठलेली खानावळ’.
चार गिऱ्हाइकं, एक काउंटर, कधीच न येणारं सूप.
दोन वर्षं झकास चालली. मग आचाऱ्याचं लग्न लावून दिलं
आणि चूल विझली.
तरी सातवी. त्या सूपासाठी.

सहावी कोर्टातल्या कारकुनांची.
मागची न दिसणारी माणसं तिच्यात एवढी हसतात
की आपल्याला हसायला जागाच उरत नाही.
ती मी इस्त्री करताना लावतो.

पाचवी आणि चौथी सारखी जागा बदलतात.
एकीत शवागारात रात्रपाळी करणाऱ्या दोघी नणंदा-भावजया.
दुसरी कार्टून: तीन चिचुंद्र्या, एक पाणबुडी,
आणि पाणबुडीलाच पाण्याची भीती.
बर्फ पडायला लागला की पाणबुडी वर सरकते.
मी डुलुथमध्ये रस्त्यावरचा बर्फ उपसायची गाडी चालवतो,
तेव्हा हिशेब तुम्हीच करा.

तिसरी जागा रिकामी आहे.
मार्लिस फोनवर म्हणाली, असं चालत नाही.
म्हटलं, यादी माझी, फ्रिज माझा, चुंबक माझं.
तिथे जी होती ती मागच्या हिवाळ्यात पुन्हा पाहिली.
पाहायला नको होती.
ज्याला बघून आम्ही लोळायचो तो माणूस
आता माझ्याच वयाचा आहे,
आणि नुसता एकटा आहे.

दुसरी, वेधशाळेची. अंदाज रोज चुकतो.
खरं सांगायचं तर हीच सगळ्यांत सरस,
एकही वाक्य फुकट नाही.
पण सरस असणं वेगळं.

आता पहिली.
एक वॉलरस लॉन्ड्री चालवतो.
चित्रं इतकी ओबडधोबड
की सुळे कधी दोन, कधी तीन.
आई इस्पितळातून सकाळी सातला यायची,
बुटांवरचा बर्फ दारात आपटून
पातळ भिंतीपलीकडे आडवी व्हायची.
टीव्हीला परवानगी होती,
आवाजाला नव्हती.

मी सहा वर्षांचा, मार्लिस अकरा.
सगळ्यांचे आवाज तीच काढायची, कुजबुजून.
वॉलरस आमच्या घरमालकासारखा नाकात बोलायचा,
भाडं मागायचा, शिंकायचा.
धुण्याचं यंत्र म्हणजे कुणी तापट आत्या.
हरवलेले मोजे एकमेकांना हाका मारत रडायचे.
हसू फुटलं की उशी चावायची, असा नियम.
उशीच्या त्या कोपऱ्याची चव,
साबण, थोडं मीठ,
मला अजून ओळखता येईल.

पुढे चौतिसाव्या वर्षी, फार्गोच्या एका मोटेलात,
तोच वॉलरस लागला. आवाजासकट.
गुळगुळीत बोलला, टूथपेस्ट विकल्यासारखा.
यंत्र नुसतं घरघरत होतं.
मोजे मुळात बोलतच नव्हते.
अख्ख्या भागाचं तात्पर्य:
रांगेत उभं राहावं.

म्हणजे माझी पहिल्या नंबरची मालिका
कुठल्याही वाहिनीवर कधी लागलीच नाही.

नोव्हेंबरात मार्लिस आली, टूसॉनहून, उन्हाने रापलेली.
म्हटलं, तो वॉलरस काढ ना एकदा.
म्हणाली, कुठला वॉलरस?
मी घरमालकाचं नाव सांगितलं, सोर्व्हारी.
तिने खांदे उडवले आणि बटाटे सोलत राहिली.

आई आता त्र्याऐंशीची.
टीव्ही एवढा मोठ्याने
की समोरच्या घरालाही कळतं कोण जिंकलं.
जेवण झाल्यावर खुर्चीतच डोळा लागला तिचा.
मी रिमोट घेतला,
आवाज उतरवत उतरवत शून्यावर आणला.

तिने डोळे न उघडता विचारलं,
‘वेंडेल, बंद कशाला केलास?
वाढव. मी झोपलेय.’

मी मार्लिसकडे बघितलं नाही.
सोफ्यावरून काहीतरी ओढल्याचा आवाज आला,
आणि मग नाकातून, अगदी हळू,
कुणीतरी भाडं मागितलं.